बडोद्याच्या माठापासून कामगार कायद्यापर्यंत : बाबासाहेबांची नोकरी आणि आपली नोकरी



परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, सेलू. इकडच्या तरुणांसोबत विहारात बसलो की बोलणे फिरून फिरून एकाच विषयावर येते. नोकरी. कुणी जिनिंगमध्ये आहे, कुणी साखर कारखान्यात हंगामापुरता, कुणी कंत्राटदारामार्फत सरकारी कार्यालयात संगणकावर, कुणी खासगी दवाखान्यात, कुणी शोरूममध्ये. कामाचे कष्ट आपल्या पोरांना नवे नाहीत. पण वरच्या माणसाशी वाद झाला तर काय करायचे, हे त्यांना ना शाळेत शिकवले, ना घरी. घरी तर उलटेच सांगतात : बाबा, तोंड बंद ठेव, नोकरी टिकव.

मागच्या एका बैठकीत एका तरुणाने आपली गोष्ट सांगितली. कागदावर तो पाळीचा प्रमुख. पण आडनाव कळल्यापासून हाताखालचे लोक त्याचे ऐकेनात. काम सांगितले की हसतात. चहाचा कपही वेगळा झाला. साहेबांकडे गेला, तर साहेबांनी मिळून-मिसळून राहण्याचा सल्ला दिला. आता भांडावे, सोसावे की राजीनामा द्यावा, एवढाच त्याचा प्रश्न होता. आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही.

म्हणून आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडले, आणि या वेळी एका वेगळ्याच नजरेने वाचले. महाड, पुणे करार, संविधान, धम्मदीक्षा हे आपल्याला पाठ आहे. पण बाबासाहेब पगारावर नोकरी करणारे माणूसही होते. त्यांनी वरिष्ठ पाहिले, सहकारी पाहिले, हाताखालची माणसे पाहिली. नोकरी गमावली, टिकवली आणि शेवटी सोडलीही. त्या सगळ्यात आपल्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर सापडते, असे आम्हाला वाटते.

दोन उतरंडी

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. सुभेदाराचा मुलगा, शिकण्यात हुशार, पण त्याची तहान शिपायाच्या हातात.

पुढे हा मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकला, लंडनला गेला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे ऑगस्ट १९१७ मध्ये भारतात परतला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिक्षण झाले होते, त्या बदल्यात दहा वर्षे राज्याची नोकरी करण्याचा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबरमध्ये ते बडोद्याला हजर झाले. पुढे अर्थखाते त्यांच्याकडे सोपवावे असा महाराजांचा विचार होता. म्हणजे पद मोठे, शिक्षण त्याहून मोठे आणि डोक्यावर राजाचा हात.

तरीही कार्यालयात शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. ते निघाले की चटया गुंडाळून ठेवत. प्यायला पाणी मिळत नसे. साताऱ्याचा शिपाई बडोद्यात पुन्हा भेटला. फरक एवढाच की आता तो हुद्द्याने त्यांच्या खाली होता.

इथे थोडे थांबू. कामाच्या ठिकाणी आपल्याला एकच उतरंड दिसते : साहेब, मुकादम, कामगार, शिपाई. पण आपल्या देशातल्या प्रत्येक कार्यालयात दुसरीही एक उतरंड असते, ती जातीची. बाई असेल तर तिसरी. पदाच्या उतरंडीत वर असलेला माणूस जातीच्या उतरंडीत खाली असला, तर हाताखालचे लोकही त्याला वरून पाहतात. पाळीप्रमुख असलेल्या आपल्या पोराचे नेमके हेच झाले आहे. अशा ठिकाणी मिळून-मिसळून राहण्याचा सल्ला म्हणजे खाली असलेल्याने आणखी वाकावे, एवढाच होतो.

बडोद्यात घरही मिळाले नाही. बाबासाहेब पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कार्यालयाला निघण्याच्या तयारीत असताना डझनभर माणसे काठ्या घेऊन जिन्यावर आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेली. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास परदेशातून शिकून आलेल्या या विद्वानाने कामाठी बागेत बसून काढले.

महाराजांना कळवून झाले होते. महाराजांनी प्रकरण दिवाणांकडे पाठवले आणि दिवाणांनी असमर्थता दाखवली. सयाजीराव जातिभेद मानणारे राजे नव्हते, त्यांची नियत स्वच्छ होती. पण एका भल्या मालकाची नियत शिपायाच्या हातापर्यंत पोहोचली नाही. अधिकाऱ्याला घर दिलेच पाहिजे, पाणी दिलेच पाहिजे, न दिल्यास अमुक शिक्षा, असा कुठला नियम नव्हता. नियम नसला की भला मालकही दुबळा ठरतो. बडोद्याने हा धडा बाबासाहेबांना अगदी कोवळ्या वयात दिला. त्या वेळी ते अवघे २६ वर्षांचे होते.

कुठे लढायचे, कुठे थांबायचे

मुंबईत परत आल्यावर त्यांनी शेअर व्यवहारात सल्ला देण्याचे काम सुरू केले. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईक यायचे बंद झाले. मग नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा ४५० रुपयांची नोकरी मिळाली. सुरुवातीला मुलांनी फारसे मनावर घेतले नाही. पण काही दिवसांत दुसऱ्या कॉलेजांची मुलेही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली.

आणि इथेही माठ निघालाच. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सहकारी प्राध्यापकांनी घेतला. मुलांना जे पटले होते ते प्राध्यापकांना पटत नव्हते.

बाबासाहेबांनी इथे नोकरी सोडली नाही. त्यांना लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते, त्यासाठी पैसा लागत होता. परळच्या चाळीत काटकसरीने राहून ते पगारातून बचत करत होते. ही नोकरी त्यांच्यासाठी मुक्काम नव्हती, पुढे जाण्याची शिडी होती. पण ते गप्पही बसले नाहीत. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांची बाजू मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. स्वतः सरकारी कॉलेजात नोकरीला असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी लंडन गाठले. पगारातली बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पैसे होते.

यात तरुणांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, माठाचा अपमान त्यांनी विसरला नाही, पण त्या माठापाशीच आपले सगळे आयुष्य खर्चही केले नाही. दोन, बडोद्याहून त्यांना निघावे लागले, सिडनहॅमहून ते स्वतः निघाले. हाताशी पुढची वाट असताना दिलेला राजीनामा आणि रागाच्या भरात फेकलेला राजीनामा, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक असतो. घरात दाणा नसताना दुसरा राजीनामा द्यायला सांगणारे मित्र पगाराच्या तारखेला भेटत नाहीत.

आपल्याच बाजूच्या लोकांना घातलेली अट

लंडनहून परतल्यावर वकिली सुरू झाली, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि मग गिरणगावाचा प्रश्न समोर आला. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. तिथे पगार जास्त. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणजे अडवणारा मालक नव्हता, शेजारी उभा असलेला कामगार होता.

१९२८ मध्ये गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला मोठा संप झाला. कामगारांच्या मागण्यांची यादी तयार होत होती. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना अट घातली : अस्पृश्य कामगारांना सगळ्या खात्यांत काम मिळाले पाहिजे ही मागणी यादीत घ्या, नाहीतर आमचे कामगार संपाला बांधील नाहीत. पुढाऱ्यांनी नाइलाजाने मागणी घेतली. मालकांनी ती वाचून उलट टोला दिला की हा अन्याय आम्ही केलेला नाही, तुमच्याच लोकांनी केला आहे. बोलले ते खोटे नव्हते.

कामगार एकतेच्या नावाखाली आपला प्रश्न मागे ठेवायला बाबासाहेब तयार झाले नाहीत. त्याच वेळी त्यांनी एकतेकडे कायमची पाठही फिरवली नाही. पुढच्या वर्षीच्या संपाला त्यांनी विरोध केला, कारण लांबलेल्या संपात आधी उपाशी मरतो तो कर्जात बुडालेला, सगळ्यात खालचा कामगार. पण १९३८ मध्ये मुंबई सरकारने संपाच्या हक्कावर गदा आणणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा त्याच कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी ७ नोव्हेंबरचा एक दिवसाचा संप घडवला. काम करायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क काढून घेतला तर माणूस गुलाम होतो, ही त्यांची विधिमंडळातली मांडणी होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे कार्यकर्ते त्या दिवशी चाळी-चाळींत फिरले. युनियनमध्ये जायचे, पण आपला प्रश्न दाराबाहेर ठेवून जायचे नाही, हा त्यांचा रिवाज होता.

मनमाडच्या फलाटावर

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. हे ठिकाण आपल्याला परके नाही. निजामाच्या रेल्वेचा गोदावरी खोऱ्यातला फाटा पूर्णा, परभणी, सेलू करत मनमाडलाच जाऊन जी.आय.पी.ला मिळत असे. आजही आपली मुंबईची गाडी तिथूनच जाते.

मनमाडच्या भाषणात ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, अशी मांडणी बाबासाहेबांनी केली. ते वाक्य सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच भाषणातला एक बारीक तपशील आम्हाला जास्त शिकवून गेला. रेल्वेत आपली माणसे रुळांवर गँगमन म्हणूनच का राहतात, पोर्टर का होत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागत आणि मास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नसे. वर्कशॉपमध्येही असाच अडसर. कुठल्याही नियमात लिहिलेले नव्हते की पोर्टर अस्पृश्य नसावा. साहेबाच्या घरच्या चाकरीने ती बंदी आपोआप झाली होती.

म्हणजे बाबासाहेबांनी स्टेशन मास्तरला शिव्या दिल्या नाहीत. अडवणूक नेमकी कुठल्या खिळ्याला अडकली आहे, तो खिळा शोधून दाखवला. आपल्या ठिकाणीही असा खिळा असतो. हजेरीवही कुणाच्या हातात आहे? ओव्हरटाइम कोण वाटतो? कायम करायच्या यादीत नाव कोण घालतो? वाद चहाच्या कपावरून पेटतो, पण मूळ अनेकदा या वहीत असते.

खुर्चीवर बसल्यावर

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. माठाजवळ अडवला गेलेला माणूस आता साऱ्या देशाच्या कामगार खात्याच्या खुर्चीवर बसला. त्यांनी तिथे काय केले?

पहिले म्हणजे, ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीच्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांना एकत्र बसवणारी व्यवस्था कायमची उभी राहिली. कामगाराने मालकाच्या केबिनमध्ये हात जोडून उभे राहणे वेगळे आणि त्याच टेबलाला खुर्ची लावून बसणे वेगळे.

दुसरे, नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी मालकांना युनियनला मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक मांडले. त्या तरतुदींचा कायदा पुढे १९४७ मध्ये झाला, पण अंमलात कधी आणलाच गेला नाही. यावरूनच मालकांना कशाची भीती वाटते ते कळावे.

तिसरे, आणि आपल्या विषयाशी सगळ्यात जवळचे, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीत एप्रिल १९४६ मध्ये झालेला औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा. नाव रुक्ष आहे, पण त्याचा अर्थ फार मोठा आहे. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामाचे तास, सुटी, पाळ्या, गैरवर्तन कशाला म्हणायचे, निलंबन आणि बडतर्फी कशी करायची, तक्रार कुणाकडे करायची, हे मालकाने लिहून काढून मंजूर करून घेतले पाहिजे. साहेबाची लहर कागदावर उतरली आणि कामगाराला ती दाखवता येऊ लागली. बडोद्यात जे नव्हते ते हेच. कारखान्यातले कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्तीही त्यांनी त्याच वर्षी मांडली.

ही खुर्चीही काटेरी होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा स्त्रियांना खाणीत भूमिगत काम करण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली गेली, आणि बाबासाहेबांच्या खात्यावर खूप टीका झाली. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल अशी अट त्यांनी सांभाळली, स्वतः धनबादच्या खाणीत उतरून पाहणी केली. बंदी पुन्हा लागू व्हायला मात्र १९४६ उजाडले. आपला माणूस खुर्चीवर बसला की सगळे सुटले, असे होत नाही, हेही यातून शिकावे.

जाताना कारण लिहून जाणे

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून काम करताना त्यांच्या वरचे पंतप्रधान होते आणि सोबतचे मंत्री बहुमतात होते. हिंदू कोड बिल लांबवले गेले, अनुसूचित जातींच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले, महत्त्वाच्या समित्यांतून त्यांना बाहेर ठेवले गेले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये लोकसभेच्या आधीच्या त्या संसदेत आपले निवेदन ठरल्या वेळी वाचू दिले जाईना, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि लेखी निवेदन प्रसिद्ध केले. बडोद्याहून निघताना त्यांच्याजवळ फक्त गाडीचे तिकीट होते. दिल्लीत मंत्रिपद सोडताना त्यांनी सोडण्याचे प्रत्येक कारण देशाच्या नोंदीत ठेवले.

एका भांड्यातले पाणी

पाण्यावरून वाद तथागतांच्या संघातही झाला होता. कोसंबीच्या विहारात एका भिक्खूने भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले, दुसऱ्याने तो दोष ठरवला आणि दोन तट पडले. खुद्द बुद्धांनी समजावूनही कुणी ऐकेना, तेव्हा ते वनात निघून गेले. शेवटी भिक्खूंना शुद्धीवर आणले ते कोसंबीच्या उपासकांनी. त्यांनी भिक्षा देणे बंद केले. ज्यांच्या हाती काहीच अधिकार नाही असे वाटत होते, त्यांनी एकत्र येऊन नकार दिला आणि तंटा मिटला.

वाद मिटवण्याची रीत विनयात घालून दिलेली आहे : दोन्ही बाजू समोरासमोर ऐकाव्यात, एकमत न झाल्यास शलाका वाटून बहुमत घ्यावे. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, वेळेवर अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. कामगाराने काम मन लावून करावे, न दिलेले घेऊ नये, हेही तिथेच आहे. दोघांनाही बांधणारा नियम, हाच धम्माचा मार्ग आहे.

मग आपण काय करायचे?

त्या तरुणाला आम्ही आता जे सांगतो ते असे.

तारीख, वेळ, ठिकाण, समोर कोण होते, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. तोंडी तक्रार हवेत जाते. अर्ज दे, आवक शिक्का मारलेली पोच घे. वाद माणसाशी आहे असे लिहू नकोस, कुठला नियम मोडला ते लिही. नियुक्तिपत्र आणि पगाराची पावती मागून घे. आता १९४६ चा तो कायदा नव्या औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे आणि स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती उरली आहे. जिनिंग, दुकान, दवाखाना यांसारखी छोटी ठिकाणे त्यात बसत नाहीत, म्हणून तुझा स्वतःचा कागद जपणे जास्त गरजेचे आहे. जातीवरून अपमान झाला असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बहिणींसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळू शकतो. राजीनामा द्यायचाच असेल तर पुढची वाट पाहून दे आणि कारण लिहून दे.

पण हे सगळे त्याला एकट्याला सांगून आम्ही मोकळे होणार असू, तर आम्ही त्याला बडोद्याच्या बागेतच बसवले असे होईल.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा आपण घराबाहेर पडलो, आणि त्याची मोठी किंमतही मोजली. त्याच संविधानाने दिलेली प्रतिष्ठा रोज एखाद्या गोदामात, एखाद्या काउंटरमागे तुडवली जाते, तेव्हा त्या पोरासोबत साहेबाच्या टेबलापर्यंत कोण जाते?

म्हणून आमची विनंती आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार नोकरीच्या तक्रारींसाठी ठेवा. अर्ज लिहून देणारे दोघे, कायदा जाणणारा एक आणि सोबत जाणारे चौघे, एवढे पुरे आहे. पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात निवृत्त कर्मचारी आहेत, त्यांनी उभ्या आयुष्यात युनियनचे कागद हाताळले आहेत. त्यांना बोलवा. पुढच्या बैठकीला त्या तरुणाचा अर्ज आम्ही मिळून लिहिणार आहोत, आणि तो द्यायला जाताना तो एकटा नसेल.

जय भीम, नमो बुद्धाय!